योगिनीचा डावा हात

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात केबल आली त्याच साली माझ्या नातीनं, योगिनीनं, गिटार धरली. शिकवायला हिमायतनगरचे अरविंद सर. ते बजावायचे, मनगट सरळ ठेव, तार हलकी दाब, दहा मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं हात सोड, दुखलं की थांब. पण कॉलेजची स्पर्धा महिन्यावर आलेली आणि पोर हट्टी; जेवून बसायची ती दिवे लागले तरी उठायची नाही. शेवटी डावं मनगट सुजलं.

"आणखी आठ दिवस असंच केलंस, तर हा हात कायमचा जाईल," सर म्हणाले.

मी तिळाचं तेल चोळलं. मग तिच्या हातावरून तळवे उतरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकड. अलाबला, म्हणजे दुसऱ्याची पीडा आपल्यावर, घ्यावी ती चेहऱ्यावरून. एकच अवयव धरून मागू नये, असं सासूनं सांगितलेलं. पण तोंडातून निघून गेलं, "या हाताचं सगळं मला येऊ दे."

"सगळं नक्को गं आजी, दुखणं तेवढं घे," योगिनी हसली.

सकाळी सूज तिच्या हातावरून उतरली आणि माझ्या मनगटात ठणका आला. मला बरंच वाटलं. म्हातारीला कुठं गिटार वाजवायचीय!

चार दिवसांनी तांदूळ निवडताना खडे बोटांना कळेनात. बघते तर डाव्या हाताच्या बोटांच्या शेंड्यांवर घट्टे, तारेच्या बारीक रेघांचे. योगिनीची बोटं लोण्यासारखी मऊ. मांडीवर गिटार, आणि डावा हात गिटारच्या दांडीवर नुसता पडलेला.

"आजी, बोट कुठं ठेवायचं असतं?" तिनं मला विचारलं.

आणि मी सांगितलं.

ती पांढरीफटक पडली. स्पर्धा दोन दिवसांवर होती. ती माझ्यासमोर बसली, माझ्या डाव्या हातावरून तळवे उतरवले आणि रडत म्हणाली, "या हाताचं सगळं मला."

"सगळं नक्को," मी ओरडले, पण तिची स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडून झाली होती.

स्पर्धेत तिनं असं वाजवलं की पोरं खुर्च्यांवरून उठली. मी पुढच्याच रांगेत होते. टाळ्या चालू असताना तिचा डावा हात सावकाश खांद्याशी गेला आणि अगदी माझ्यासारखी करंगळी उचलून नसलेला पदर सावरू लागला. पोर जीन्समध्ये होती.

माझा पदर खरोखरच घसरला होता. पण माझा डावा हात मांडीवर पडून होता, अंगठा आत घेऊन, तान्ह्या बाळासारखी मूठ मिटून.