सगळं फिक्स

“वादळ थांबवणं माणसाच्या हातात नाही, पण वादळाआधी काय व्हायचं, कधी व्हायचं आणि कोणत्या क्रमानं व्हायचं, ते सर्वस्वी माणसाच्याच हातात आहे!” असं स्टुलावरून जाहीर करून साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. कॅलेंडरबरोबर खिळा आला, खिळ्याबरोबर तळहाताएवढं प्लास्टर आलं आणि ते सगळं खाली पॅसेजमध्ये अंथरलेल्या गादीवर पडलं.

“हे कितव्या क्रमानं व्हायचं होतं?” गादीवर उशीला अभ्रा घालत बसलेल्या बायकोनं विचारलं.

साहेबांनी खाली उतरून खिळा शोधला. त्यांनी पुन्हा खिळा ठोकून पाहिला. तो उभा राहीना. शेवटी त्यांनी कॅलेंडर फ्रिजवर ठेवलं आणि त्यावर वजन म्हणून मिठाची बरणी.

साहेब निवृत्त होईपर्यंत शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं तयार करायचे. त्या वेळापत्रकांत कधी कुणाला चूक सापडली नाही. बसगाड्या त्याप्रमाणे आल्या नाहीत, तो दोष बसगाड्यांचा. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘टाइमटेबल’ म्हणत आणि तोंडावर ‘साहेब’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींत त्यांना सन्मानच दिसायचा.

गादी पॅसेजमध्ये आली ती गेल्या हंगामातल्या मोठ्या वादळानंतर. त्या वादळात निजायच्या खोलीतली खिडकी आत आली. फुटली नाही, आत आली. चौकटीसकट, एखाद्या पाहुण्यासारखी. बायको तेव्हा पलंगावर होती. तिला खरचटलंही नाही, पण त्यानंतर ती त्या खोलीत झोपली नाही. घरात खिडकी नसलेल्या जागा दोनच, न्हाणीघर आणि पॅसेज. त्यातल्या त्यात पॅसेज बरा. खिडकीच्या जागी तेव्हापासून प्लायवूड ठोकलेलं होतं. साहेब पलंगाच्या आपल्या बाजूला एकटेच झोपायचे, आणि सवयीनं दुसरी बाजू मोकळी सोडायचे.

उपाय सगळ्यांना माहीत होता. घरभर वादळाला दाद न देणाऱ्या, जाड काचेच्या खिडक्या बसवायच्या. बायको वादळाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, “आत्ताच सांगून टाकू या.” त्यावर साहेब हसले होते.

“अगं, आत्ता सगळं गाव खिडकीवाल्याच्या दारात उभं असेल. आपण गर्दी ओसरल्यावर जायचं.”

गर्दी ओसरेपर्यंत ते थांबले. मग लक्षात आलं, की गर्दी ओसरायची वाट बघणाऱ्यांचीच आता गर्दी झाली आहे. त्यानंतर मापं झाली. मापांनंतर काचा कारखान्यात गेल्या. दरम्यान साहेबांनी खिडक्यांच्या आधी भिंती रंगवून घेतल्या, कारण त्यांच्या आराखड्यात रंग आधी होता. खिडक्या बसवताना भिंती फोडाव्या लागतात, हे त्यांना रंगाऱ्यानं सांगितलं. रंग देऊन झाल्यावर.

आता काचा तयार होऊन खिडकीवाल्याच्या गोदामात उभ्या होत्या, पुढचा हंगाम तोंडावर आला होता, आणि खिडकीवाला ‘परवा’ येणार होता.

“परवा येतो, असं तो परवा म्हणाला होता,” बायको म्हणाली. “त्याच्या आधीच्या परवाही हेच म्हणाला होता.”

“या वेळी निश्चित आहे.”

“काल दादाचा फोन आला होता.” तिनं उशी थोपटली. “म्हणाला, हंगाम संपेपर्यंत इकडे ये. त्यांच्याकडे डोंगराचा आडोसा आहे. मी बॅग भरून ठेवलीये.”

“किती दिवसांसाठी?”

“बॅग मोठी आहे,” ती म्हणाली.

ती रागानं बोलली असती तर साहेबांना उत्तर सुचलं असतं. पण तिनं ते भाजी महागली म्हणावं तसं म्हटलं. मागे ती माहेरी गेली तेव्हा ते चहा करायला गेले होते आणि साखर कुठे असते ते विचारायला त्यांना तिलाच फोन करावा लागला होता. पण आता गोष्ट साखरेची नव्हती. जी बाई घरातल्या घरात पॅसेजपर्यंत जाऊन महिनोन् महिने परत आली नाही, ती डोंगरापलीकडून कधी परतणार?

त्यांनी फोन उचलला आणि अंगणात जाऊन खिडकीवाल्याला लावला.

“बोला काका!” खिडकीवाल्याचा आवाज नेहमीसारखा प्रसन्न होता. मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं. साहेबांना वाटलं, दुसऱ्याच्या घरातलं ड्रिल ऐकून इतकी असूया आपल्याला कधी वाटली नव्हती.

“कधी येताय?”

“परवा नक्की.”

“परवा पाऊस लागला तर?”

“मग त्याच्या परवा. काका, टेन्शन घेऊ नका. थोडं इकडं-तिकडं सरकतं कामात.”

‘सरकतं’ हा शब्द ऐकला आणि साहेबांचा तोल गेला. आजवर ते या माणसाशी ‘निश्चित’, ‘नियोजित’ आणि ‘पूर्वनिर्धारित’ अशा भाषेत बोलत आले होते. त्यांना एकदम उमगलं, चूक इथेच होती. ज्याला समजवायचं त्याच्याच भाषेत बोललं पाहिजे. मग आयुष्यभर ज्या शब्दाला त्यांनी आपल्या कार्यालयात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तो त्यांनी उच्चारला.

“हे बघा. मला सरकणारं काही नको. फिक्स पाहिजे. समजलं? फिक्स!”

पलीकडे ड्रिल थांबलं.

“फिक्स?” खिडकीवाल्यानं विचारलं.

“फिक्स.”

“सगळंच फिक्स करायचं?”

“सगळं म्हणजे सगळं! एक इंचसुद्धा हलता कामा नये.”

“मग आधीच सांगायचं ना, काका! उलट सोपं जातं ते. उद्याच येतो.”

साहेब घरात आले ते छाती काढून. शब्दाचा असा परिणाम त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

आणि खिडकीवाला खरंच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून काचा उतरल्या, नव्या रंगाच्या भिंती फुटल्या, घरभर पांढरी धूळ झाली आणि साहेब नाकाला रुमाल बांधून प्रत्येक खोलीच्या दारात कृतार्थपणे उभे राहिले. धुळीनं खोकला झाला म्हणून बायको पडदे आणायला बाजारात गेली.

संध्याकाळी शेवटच्या फटीत सिलिकॉन भरून झालं. साहेब पुढे झाले, आणि निजायच्या खोलीतली खिडकी उघडून बघावी म्हणून त्यांनी कडी शोधली. उजवीकडे नव्हती. डावीकडे नव्हती. त्यांनी काच सरकवून पाहिली. मग खालून, मग वरून. मग ते पुढच्या खोलीत गेले, मग स्वयंपाकघरात, आणि परत आले.

“उघडते कुठून?”

“काय?”

“खिडकी.”

खिडकीवाला हसला. हा काकांचा विनोद असावा, असं त्याला वाटलं. मग त्याचं हसू विरलं.

“काका, फिक्स आहेत ना. फिक्स म्हणजे उघडत नाहीत. चौकटीतच बंद. तुम्हीच म्हणालात, सरकणाऱ्या नको. मी म्हटलं, सगळ्या? तर म्हणालात, सगळ्या म्हणजे सगळ्या. सरकत्या पट्ट्या आणि कड्या गोदामातच ठेवल्या मी.”

“मी तारखेबद्दल बोलत होतो!”

“तारीख फोनवर ठरतेच हो,” खिडकीवाला म्हणाला. “मला वाटलं, मालाबद्दल बोलताय.”

साहेब पलंगावर बसले. पलंगावर प्लास्टिक अंथरलेलं होतं, ते चुरचुरलं.

“बदलून मिळतील?”

“मिळतील की. पण पुन्हा काढायच्या म्हणजे भिंती फोडणं आलं. हंगाम संपला की बघू.” त्यानं हत्यारांची पेटी उचलली. दारात त्याला काकांची दया आली असावी, कारण तो वळून म्हणाला, “परवा एक चक्कर टाकतो.”

बायको परतली तेव्हा साहेब खोलीच्या मधोमध उभे होते. काय सांगायचं, कोणत्या क्रमानं सांगायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण ती पिशवी खाली ठेवून सरळ खिडकीशी गेली. आधी तिनं काचेला बोट लावलं. मग तळहात. मग दोन्ही हात टेकवून, पाय रोवून तिनं जोर लावला.

“हलत नाही हो!”

“नाही,” साहेब म्हणाले. “अजिबात हलत नाही.”

“नीट बसवलीये ना?”

“याहून नीट बसवता आली नसती.”

ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली. मग पॅसेजमध्ये गेली आणि गादी ओढत आणू लागली. साहेबांनी दुसरं टोक धरलं. जे सांगायचं होतं ते सांगायला दोन्ही हात मोकळे हवे होते. पडदे त्यांनी मात्र त्याच रात्री लावले, चांगले जमिनीपर्यंत लोळणारे. सिलिकॉन पक्कं वाळेपर्यंत खिडक्यांना हात लावायचा नाही, असंही बजावलं. बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली.

हंगामातलं पहिलं वादळ एका दुपारी आलं. समोरच्या घराचे पत्रे उडताना दिसले, झाडं जमिनीला टेकून पुन्हा उठली. बायको पलंगावर आपल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. प्रत्येक धडकेला ती आधी काचेकडे बघायची, मग साहेबांकडे. काच जागची हलली नाही. हळूहळू ती फक्त काचेकडे बघू लागली, मग कशाकडेच नाही, आणि वारा तसाच घोंघावत असताना साहेबांच्या बाहीत बोटं अडकवून तिला चक्क डुलकी लागली. क्षणभर साहेबांना वाटलं, की आपण मुळात हेच ठरवलं होतं.

मग वीज गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

वारा पडला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बाहेर सगळं धुऊन निघालं होतं. शेजारी अंगणात येऊन आळोखेपिळोखे देत होते, आणि कुंपणावरची पानं अगदी हलकेच हलत होती. खोलीत हवा जागच्या जागी उभी होती. साहेबांच्या कपाळावर घाम जमला होता, पण बाही सोडवून घ्यायला ते तयार नव्हते.

बायकोनं डोळे उघडले. खोलीभर पाहिलं, काचेतून बाहेर पाहिलं, आणि किती तरी महिन्यांनी ती त्या पलंगावर हातपाय ताणून हसली.

“वाचलो हो,” ती म्हणाली. “बाहेर काय छान झुळूक सुटलीये. ती खिडकी जरा उघडता का? पूर्ण नको. बोटभर.”