जांभळाचं कडं

आमच्या शुक्रवार पेठेतल्या सुतारखान्यात सगळी लाकडं यायची, एक जांभूळ सोडून. जांभूळ आमच्या कुळाचं देवक. ते तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याच्या पाटावर बसायचं नाही. कुणी चुकून जांभळाचा ओंडका घेऊन आलं की माझे सासरे दारातूनच हात जोडायचे. गिऱ्हाइकाला नव्हे, ओंडक्याला.

बाकी सगळ्या लाकडांशी माझी ओळख झाली ती नवऱ्यामुळे. सिद्धनाथ त्यांचं नाव. जेवून उठले की मला हाक मारायचे, हातात ढलपी द्यायचे आणि म्हणायचे, वास घे. साग शहाणा, रंध्याखाली लोण्यासारखा येतो आणि कुठल्याही घरात मान मिळवतो. बाभूळ भांडकुदळ. ओली असते तोवर ऐकते, वाळली की करवतीचे दात मोडते. पण गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, करायचा तर तीच हवी, कारण कितीही धक्के खाल्ले तरी फाटत नाही. लिंब कडू, म्हणून त्याच्या पेटीत कीड शिरायला धजत नाही. चिंचेच्या लाकडातली रेषा कुठून निघते आणि कुठं जाते ते तिचं तिलाच ठाऊक नाही. आणि आंबा दिसायला गोरागोमटा, पहिल्या पावसात अंग वाकडं करणारा. माणसं ओळखायला मी लाकडांवरूनच शिकले म्हणा ना. माझे धाकटे दीर रावजी म्हणजे अस्सल आंबा.

नवरा तापानं गेला तेव्हा हौसा, माझी एकुलती एक लेक, परकर नेसत होती. रावजी भावजींना एकट्यानं कामं उरकत नव्हती, आणि मला दुसऱ्याच्या ताटावर बसून खायचं नव्हतं. मी लाकूड तासायचा वाकस उचलला. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघायला आल्या. बघा म्हटलं, डोळे भरून बघा. पुढं त्यांच्याच घरचे पाट नि पोळपाट माझ्या हातचे झाले.

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात हौसाचं लग्न ठरलं. माणसं बार्शीकडची, साधी. देणंघेणं नाही, मांडव दारातच. सगळं मनासारखं जुळलं आणि मग देवकाचा विषय निघाला. एरवी तोडायचं नाही, पण लग्नाआधी जांभळाची डहाळी वाजतगाजत आणायची, देवापुढं मांडायची, मुलीच्या आईबापानं जोडीनं बसून तिची पूजा करायची. मी म्हटलं, "बाप न्हाय, पण आई हाय की. मी बसते."

सुपारी फोडायला आलेली चार माणसं समोर होती. भावजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वहिनी, कायतरीच काय बोलताय? मी आन् वच्छला बसतो. रांडमुंड बाईनं देवकाला शिवायचं नसतंय."

"देवक माझं बी हाय."

"दादा गेला तसं तुमचं देवक गेलं. आता कुटलं देवक तुमचं?"

वच्छला, माझी जाऊ, खाली मान घालून सुपारी कातरत राहिली. पोर मी वाढवली, तिच्या लग्नासाठी मी हाताला घट्टे पाडून घेतले, आणि तिच्या मांडवात मी खांबाआड उभी राहायचं! पण पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गिळलं. रात्रभर कढ येत राहिले, तेही गिळले.

त्या आठवड्यातच अक्कलकोटकडचा शरणप्पा बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. सासऱ्यांच्या वेळचं गिऱ्हाईक. गाडीत जांभळाचं अख्खं खोड.

"नीरु इल्ला, अक्का," तो मला म्हणाला. "पाणी न्हाय. विहीर खाली खणली तर तळाला वाळू लागली. बाजू धडाधड कोसळायलीत. कडं करून द्या."

विहिरीच्या तळाला घालायचं लाकडी कडं म्हणजे काय, ते सांगते. वाकडे तुकडे एकमेकांत अडकवून, खुंट्या ठोकून मोठं वर्तुळ करायचं. ते तळाशी ठेवून त्यावर दगडी बांधकाम चढवायचं. खालची वाळू काढत गेलं की कडं बांधकामासकट खाली बसत जातं. त्याला असं लाकूड हवं जे पाण्यात पिढ्यान् पिढ्या कुजणार नाही. त्या बाबतीत जांभळाचा हात धरणारं लाकूड नाही; वरून पाणीही गोड राहतं म्हणतात. आम्ही मात्र देवकापायी ते उंबराचं करायचो.

भावजी बाहेर आले आणि त्यांनीही वडिलांसारखे हात जोडले. "उंबर घेऊन ये. न्हायतर साग."

"उंबर कुटं हाय आता? आन् सागाला पैसे कुटले?" शरणप्पा रडकुंडीला आला होता. "हे झाड माझ्याच मळ्यातलं, उभं वाळलं. गावात दुसरं लाकूड न्हाय. बाकीचे सुतार दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. राह्यले त्यांला कडं येत न्हाय."

"आमाला जमायचं न्हाय."

शरणप्पानं बैलांच्या माना वळवायला घेतल्या. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. मी आत गेले आणि वाकस घेऊन बाहेर आले.

"उतरव खोड," मी म्हटलं. "मी करते."

"वहिनी!" भावजी ओरडले. "जांभूळ हाय ते! आपलं देवक!"

"आपलं म्हंजे कुणाचं? माझं तर गेलंय. तुमीच सांगितलं की, चार माणसांत."

गाडी आमच्या दारात आडवी, मी वाकस घेऊन उभी, भावजी हात पसरून खोडापुढं उभे. गल्ली गोळा व्हायला किती वेळ लागतो? कुणीतरी पळत जाऊन आप्पांना घेऊन आलं. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे. काठी टेकत आले आणि माझ्यावरच डाफरले, "मुक्ता, ठेव ते खाली!"

आजवर मी त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"आप्पा, ठेवते. आदी एक सांगा. हे झाड माझं देवक हाय का न्हाय? असंल तर मी त्याला हात लावत न्हाय, आन् हौसाच्या लग्नात पूजेला मीच बसते. नसंल तर मला सागवान काय नि जांभूळ काय, सारखंच. मग भावजींना बाजूला व्हायला सांगा."

खरं सांगते, जांभळावर घाव घालायची छाती माझ्यातही नव्हती. लग्नाच्या तोंडावर पोरीला काही बाधलं तर, हा विचार मनात येऊन गेलाच. पण आप्पा 'न्हाय' म्हणाले असते तर मी घाव घातला असता. दात खाऊन घातला असता.

आप्पांनी भावजींकडं बघितलं. "तू म्हणलास असं?"

"रीतच हाय, आप्पा. मी काय पदरचं बोललो?"

"म्हणलास का?"

"व्हय."

आप्पांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "रावजी, तिला देवक न्हाय म्हणलं तर ती तोडणार. आन् न्हाय कसं म्हणू? आपल्या घरात आली तवा ह्याच झाडाला हळद लावून आली की. कुंकू पुसलं म्हणून झाड पुसतंय व्हय? पोरी, देवक तुझंच हाय. लग्नात तूच बस. वाकस ठेव."

मी ठेवला. भावजींचं तोंड उतरलं आणि मला त्यांची जराही कीव आली नाही.

तेवढ्यात शरणप्पा हळूच म्हणाला, "मग अक्का, माझी विहीर?"

आप्पांना शब्द दिला होता. हात लावता येत नव्हता. पण पोटाला चिमटा घेऊन पाणी शोधणाऱ्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं?

"खोड सुतारखान्यात न्यायचं न्हाय," मी म्हटलं. "हितंच रस्त्यावर उतरव. करवत माझी घे. कापायचं तू. मी सांगते कुटं कापायचं."

"वहिनी, हे बी पापच की!" भावजींना पुन्हा कंठ फुटला.

"देवक हाताला असतंय, भावजी. तोंडाला न्हाय."

आप्पा हसू दाबत घराकडं वळले. मी उंबऱ्यावर बसले आणि शरणप्पाला कामाला लावलं. गडी औत हाकण्यात वाघ, पण करवत धरली की बोंब. त्यात जांभळाला सरळ चिरा म्हटलं की ते हटकून गाठीशी अडतं. मी ओरडून ओरडून घसा बसवला. दुसऱ्या दिवशी त्यानं खाचेत बसवायचा कुसू एवढा बारीक तासला की खाचेत घंटेच्या लोलकासारखा हलायला लागला. तेव्हा आत रंधा मारत बसलेल्या भावजींना राहवलं नाही. दारात येऊन तेही ओरडले, "आरं येड्या, रेषंच्या बाहीरनं तास! लाकूड परत वाढतंय व्हय?" मग आम्ही दीर-भावजय दोघंही त्या बिचाऱ्यावर ओरडत राहिलो. कडं जुळलं. जरा ओबडधोबड, पण हातोडीनं ठोकलं तरी कुठं हललं नाही. शरणप्पा ते सुटं करून, तुकड्यांवर कोळशाच्या खुणा करून घेऊन गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी डहाळी आली. देवापुढं पाट दोन मांडलेले. मी एकावर बसले. भटजींनी माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि घुटमळले.

"जोडीला कोण?"

"कुणी न्हाय. दोन माणसांचं काम मी एकटीनंच केलंय. पुढचं सांगा."

त्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान हलवली. पूजा सुरू झाली. हळद, अक्षता, फूल झालं आणि कुंकवाची वाटी पुढं करायची वेळ आली, तेव्हा वच्छलाचा हात वाटेतच थबकला. सिद्धनाथ गेले त्या दिवसापासून मी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. मला भडभडून आलं. रडू आलं तर येऊ दे म्हटलं, पण उठायचं नाही.

मीच वाटी ओढून घेतली. डहाळीला कुंकू लावलं. मग हौसाला जवळ बोलावलं आणि तिच्या कपाळावर, मधोमध, चांगलं ठसठशीत लावलं. पोर माझ्या डोळ्यांत बघत होती, मी तिच्या.

मागून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी वळूनही बघितलं नाही.