तिसरीचा डाव

बुर्मा मावशीने खडा वर उडवला, चटईवरचे चार एका मुठीत गोळा केले आणि पडता खडा वरच्यावर झेलला.

“झाला डाव! मी सुटले,” ती गुडघ्यांवर हात देत आईला म्हणाली. “सायरा, तू बस आता फोडत. मी चहा ढोसते.”

“बस खाली. तिचा डाव राहिलाय,” आई म्हणाली.

मावशी निमूट बसली.

खिडकीआड कुंदुझचा हात कागदावर थांबला. बिश्केकहून ती सरोवराकाठच्या आईच्या घरी लिहायला आली होती. धाकटी बहीण आयझिरेक सरोवरात बुडाल्यापासून तिला एक ओळ धड उतरली नव्हती आणि इथेही खिडकीत बसून ती माश्याच मारत होती. अंगणात मात्र उन्हाळा दरवर्षीसारखा चालला होता. जर्दाळू फोडायचे, फोडी छपरावर वाळत घालायच्या आणि कंटाळा आला की खडे खेळायचे. घरचा नियम जुना: जिंकेल ती उठेल, हरेल ती फोडत बसेल.

आईने खडे डाव्या हातात घेतले. आयझिरेक डावरी होती. खडा उडाला, चार खडे सफाईने उचलले गेले आणि शेवटी तो बोटांतून निसटला.

“गेला. हरली बाई,” आई म्हणाली आणि तिने जर्दाळूंचं घमेलं रिकाम्या जागेपुढे सरकवलं.

कुंदुझने कागद पुढे ओढला. पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या वेगाने, पेन धावू लागलं. दुपार कलेपर्यंत गोष्ट झाली होती. तिच्या गोष्टीत डावा हात निसटत नव्हता. मुलगी खडा झेलत होती, हसत होती, उठून चालू लागत होती. लिहिताना कुंदुझ रडली आणि तिला बरं वाटलं.

“आपा, ऐका ना,” आईजवळ बसत ती म्हणाली, दोघी बहिणी आईला आपाच म्हणत, आणि तिने सगळं वाचून दाखवलं.

आईची सुरी थांबली.

“जिंकवलंस तिला?”

“हो. रोज हरते बिचारी. एकदा तरी जिंकू दे की.”

“जिंकली होती की. त्या दिवशी.” आई जर्दाळूकडे बघत होती. “मी म्हटलं, अगं बस, ढीग पडलाय. तर म्हणते कशी, ‘नियम म्हणजे नियम, आपा.’ टॉवेल उचलला आणि गेली पाण्यावर.”

मावशीने तोंड फिरवलं. कुंदुझ तेव्हा शहरात होती. डावाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“हरली की बसते,” आई म्हणाली. “म्हणून हरवते.”

कुंदुझने शेवटचं पान वेगळं काढलं, घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

“घे, खेळ,” आईने खडे तिच्या हातात दिले. “उद्या सकाळची गाडी ना तुझी?”

कुंदुझने खडा उडवला. चारही खडे मुठीत आले. वरचा सरळ तळहातावर उतरत होता. तिने बोटं फाकवली.

“गेला,” मावशी हळूच म्हणाली.

“मग बस,” आई म्हणाली, आणि तिने घमेलं कुंदुझ आणि त्या रिकाम्या जागेच्या मधे ओढलं.