मधली फळी

मी जेवणाच्या टेबलाची मधली फळी बोलतेय. मला पाय नाहीत, हे आधीच सांगून टाकते. टेबलाचे दोन भाग ओढून लांब केले की मधे जी पोकळी राहते, तिथे माझी जागा.

पाहुणे आले की बाबा मला कपाटामागून काढायचे. बाबा गेले, आणि टेबल थोरल्या मुलाकडे राहिलं.  धाकटा जाताना मला काखोटीला मारून निघाला. नुसती फळी घेऊन करणार काय, असं थोरल्यानं विचारलं. माझा हिस्सा आहे, म्हणाला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

धाकट्याकडे माझ्यावर इस्त्री झाली, कुंड्या झाल्या. एकदा घरात पाणी शिरू नये म्हणून मला उंबऱ्याशी आडवं टाकलं. त्यात मी एका टोकाला फुगले. त्याची बायको मला सारखी भंगारात काढायची आणि तो परत आत आणायचा. "सागवान आहे," म्हणायचा. मी सागवान नाही.

मग दोघांच्या मधल्या बहिणीनं मनावर घेतलं. थोरल्याची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा एकाच क्लासला जात होते. आपण चुलत भावंडं आहोत हे त्यांना आडनाव आणि आजोबांचं नाव जुळल्यावर कळलं. हे बहिणीच्या कानावर आलं. तिसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं, थोरल्याच्या घरी. त्याला विचारलं नव्हतं, फक्त कळवलं.

धाकट्यानं फोनवर साफ सांगितलं, त्या घराची पायरी चढणार नाही.

"नको येऊस," ती म्हणाली. "फळी पाठव. माणसं जास्त आहेत."

फोन ठेवून तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग बायकोला म्हणाला, दुसऱ्याच्या हाती दिली तर ओरखडे पाडतील. ठेवून लगेच येतो.

थोरल्यानंच दार उघडलं. त्यानं धाकट्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. दोघांनी मला पोकळीत धरलं. फुगलेलं टोक काही केल्या बसेना. एक इकडून रेटतोय, एक तिकडून.

"तुझ्याकडून उचल जरा," थोरला म्हणाला.

"उचललीय रे दादा."

ठोकून ठोकून बसले एकदाची. त्या धडपडीत दोघांना घाम फुटला. बहिणीनं दोघांपुढे पाणी ठेवलं. धाकटा पाणी प्यायला बसला तो रात्री उठला.

निघताना मला काढायला गेले, तर मी हलेना. त्यामुळे टेबल आता लांबच आहे आणि थोरल्याच्या बायकोला स्वयंपाकघरात तिरकं होऊन शिरावं लागतं. सुताराला बोलवा म्हणून ती रोज मागे लागते. थोरला बघू म्हणतो, आणि रविवारी धाकट्यालाच फोन करतो, की ये, फळी निघते का बघू.

तो येतो. जेवतो. मला हात लावून बघतो आणि घरी जातो.

सुतार तुमच्या ओळखीचा असेल, तर कृपा करून पत्ता देऊ नका.