सहा मिनिटांत

वेनिंगने आपणहून पासवर्ड पाठवला तेव्हा मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. दोन वर्षं मी याच निरोपाची वाट पाहत होते.

जावातल्या जोग्या शहरातल्या आमच्या विद्यापीठात विषय निवडणं म्हणजे हातघाईची लढाई. सकाळी आठला पोर्टल उघडतं आणि बघता बघता सोपे वर्ग भरतात. ज्याच्याकडे नेट नसेल तो मित्राला पासवर्ड देऊन 'माझंही भर' म्हणतो. आम्ही जावानीज साहित्य शिकणाऱ्या, तरी संगणकाचे दोन विषय घेतल्याशिवाय पदवी नाही. त्यामुळे सगळे 'वेबपानांची ओळख'वर तुटून पडतात. चार फोटो चिकटवले की 'अ' मिळतो. दर्मोजो सरांच्या 'प्रोग्रामिंगची ओळख'मध्ये मात्र कुणी राजीखुशीने जात नाही.

दोन वर्षांपूर्वी, आजोबा वारल्यानंतरच्या हजाराव्या दिवसाच्या विधीला मी डोंगरातल्या गावी गेले होते. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. पासवर्ड दिला वेनिंगला, शेजारच्या खोलीतल्या माझ्या जिवलग मैत्रिणीला. परत येऊन बघते तर माझं नाव दर्मोजोंच्या वर्गात.

"जागा संपल्या गं, पलुपी," ती म्हणाली. "सहा मिनिटांत."

मला 'क' मिळाला. जपानला सहा महिने शिकायला जायची एकच जागा होती, ती माझ्या हातून गेली. गेली कोण? वेनिंग.

मग एकदा मी पोर्टलवरच्या नोंदींच्या वेळा पाहिल्या. सोपा वर्ग सहा मिनिटांत भरला हे खरंच होतं. पण वेनिंगबाईंनी मला दर्मोजोंकडे ढकललं होतं पहिल्याच मिनिटाला.

मी ब्र काढला नाही. तिने जपानहून आणलेला चहासुद्धा प्यायले. फक्त दर्मोजोंचा विषय पुन्हा घेतला, दात-ओठ खात शिकले, 'अ' मिळवला. या सत्रात सरांनी मला प्रयोगशाळेत गृहपाठ तपासायला सहायक नेमलं. वेनिंगला याचा पत्ता नव्हता. ती बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत सोलो शहरात होती आणि या शेवटच्या सत्रात तिचा संगणकाचा एक विषय राहिला होता. तो गेला तर पदवी लांबणार होती.

आज सकाळी आठला तिचं खातं उघडलं. तिला हव्या असलेल्या 'पोस्टर बनवण्याची ओळख'मध्ये एकतीस जागा होत्या. मी दर्मोजोंचा वर्ग निवडला. वाईट वाटलं का? मुळीच नाही. मग थंडगार चहा पीत, तो सोपा वर्ग भरेपर्यंत बघत बसले.

दुपारी तिचा फोन आला. मिळाला ना वर्ग, असं तिने विचारलं.

"जागा संपल्या गं, वेनिंग," मी म्हणाले. "सहा मिनिटांत."

तिला सगळं कळलं होतं. तिने बारीक आवाजात विचारलं, "गृहपाठ तपासणारा सहायक तरी बरा आहे का गं?"

"मीच आहे," मी म्हणाले. "सोमवारी पहिल्या बाकावर बस."