डावीकडची दाढ

इवल्याशा गोल आरशात ती दाढ उभी होती — डावीकडची, खालची, शेवटून दुसरी — आणि तिच्या माथ्यावरचं दाताच्या रंगाचं सिमेंट जसंच्या तसं होतं. डॉक्टरीणबाईंची अणकुचीदार सळई त्याच्या काठाकाठानं फिरली. कुठे अडकली नाही, कुठे खचली नाही. लाळ ओढणारी नळी धरून शेजारी उभा असलेला त्यांचा मदतनीस आरशावर वाकला. हे असं कसं...

“सहा वर्षं!” बाई म्हणाल्या. “दाढेत हे सिमेंट इतकं टिकत नाही हो. चावून चावून झिजतं, कडा तुटतात. कालवलं कुणी होतं रे? तूच ना? हात चांगला आहे तुझा.”

हात चांगला आहे — हा हात, ज्यानं त्या दिवशी सिमेंटच्या एक चमचा पुडीला द्रवाचा एक थेंब द्यायचा तो दोन दिले होते, जाणूनबुजून, श्वास रोखून. कारण पातळ कालवलेलं सिमेंट बसताना गुळगुळीत, निर्मळ दिसतं आणि मग प्रत्येक घासाबरोबर कणाकणानं झिजत जातं, हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षं, फार तर. मग दाढ उघडी पडेल, मग ठणका... दुसऱ्याच्या तोंडातला हा ठणका तो सहा वर्षं जपत आला होता.

कारण खुर्चीत आडवा झालेला हा माणूस एके काळी त्याचा भाऊजी होता. ताईला त्यानं माहेरी धाडलं, आणि मागाहून एका खोक्यात तिच्या वस्तू — कपडे, चष्म्याचं घर, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, केस विस्कटलेला तिचा दात घासायचा ब्रश. आईनं तो केरात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्याच ब्रशनं दात घासत होती, आरशाकडे पाठ करून. त्यानंतर पंधराच दिवसांत हा इथे आला, गाल धरून कळवळत, तरी थट्टा सुचलीच — “काय मेहुणे, हात धुतलेत ना?” आणि मी हसलो. हसलो! आई म्हणायचीच, आमचा हा म्हणजे गरीब गाय. गाईला शिंगं असतात हे लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि हळूहळू गाईच्याही...

ताई आता शाळेत शिकवते, चारचौघांत मोठ्यानं हसते. परवा ह्या माणसाचा विषय काढला तर म्हणाली, “अरे, तू अजून तिथेच आहेस?”

“पण उजवीकडच्या एवढ्या का झिजल्या?” बाईंनी आरसा फिरवला. “सगळं याच बाजूनं खाता की काय?”

“डावीकडून खातच नाही. भरली त्या दिवसापासून.”

“दुखते?”

“छे.” खुर्चीतल्या माणसानं मान जराशी मदतनिसाकडे वळवली. “ती भरताना यांचे डोळे पाहिले होते मी. म्हटलं, या दाढेचा भरवसा नको.”

बाई खळखळून हसल्या. “याचे? अहो, हा मुंगीलासुद्धा वाट सोडतो! चला, उजवीकडची भरून टाकू. घे रे कालवायला.”

तो माणूस हसला नव्हता.

पुडीची बाटली उघडताना त्याला वाटलं — आईला दिसला नाही, ताईला दिसला नाही, तो माझा राग ह्या एकट्याला दिसला होता. आणि ह्यानं तो खरा मानला होता, रोज, प्रत्येक घासाला, सहा वर्षं. सिमेंट टिकलं ते माझ्या हातामुळे नाही, ह्याच्या भीतीमुळे. म्हणजे सूड पुरा झाला होता, केव्हाच, आणि मला कुणी कळवलंच नव्हतं... मग हे आत जे उसळतं आहे ते समाधान का नव्हे? का लाज वाटते आहे — अनोळखी गर्दीत कुणी अचानक आपल्या नावानं हाक मारावी तशी? तोंड उघडून निमूट पडलेल्या त्या माणसाकडे त्यानं पाहिलं, नेहमीच्या जागी आपला राग चाचपला. आणि पहिल्यांदाच तो हाताला लागेना, फक्त कुणीतरी आपल्याकडे बघतं आहे, एवढंच जाणवत राहिलं.