प्रमुखानं कशाला हात लावू नये

मुलगी शिबिराला निघाली तेव्हा तिच्या पाठीवर एक पिशवी होती आणि आईच्या हातात औषधांची पेटी. पिशवीपेक्षा पेटी मोठी. आईचं म्हणणं, पेटी सगळ्या मुलांसाठी आहे. बाबांचं म्हणणं, त्या पेटीत एक छोटं गाव साथीच्या रोगासकट मावेल.

आई औषधांच्या दुकानात काम करायची. औषधशास्त्राची पदवी होती, आणि तीच नडत होती. इतर बायकांचं पोर शिंकलं की त्यांना शिंकलेलं पोर दिसायचं. हिला त्या शिंकेपासून थेट अतिदक्षता विभागापर्यंतचा रस्ता दिसायचा, मधल्या सगळ्या थांब्यांसकट. त्यामुळे स्काउट पथकाचे सर "प्रथमोपचाराला एक पालक हवा आहे" म्हणाले, तशी हिनं हात वर केला. दुसऱ्या कुणी केलाच नाही, म्हणून निवडही बिनविरोध झाली. पहिल्या दिवशी तिनं न पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांनाही मलम लावलं. दुपारपर्यंत तिचं नाव मलमकाकू पडलं होतं.

शिबिर सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेच्या मैदानावर होतं. प्रत्येक तुकडीला एक कोपरा, कोपऱ्यात तंबू, तंबूपुढे विटांची चूल आणि सगळ्याला सुतळीचं कुंपण. सुतळीच्या आत तुकडीप्रमुखाचं राज्य. मोठ्या माणसानंही विचारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. खार तुकडीच्या राज्यकर्त्या होत्या मुंगीबाई, म्हणजे मलमकाकूंची बारा वर्षांची लेक. रांगायला लागल्यापासून ती काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. प्रमुखाच्या खांद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांसाठी मुंगीनं जिवाचं रान केलं होतं. गाठींच्या सरावात घरातल्या खुर्च्या एकमेकींना बांधल्या होत्या आणि त्यात बाबा तोंडावर आपटले होते. पट्ट्या लागल्या त्या दिवशी ती गणवेश घालूनच झोपली.

पथकात मुलं कमी आणि हुद्दे जास्त होते. सगळ्यांच्या वर ज्येष्ठ प्रमुख. त्याला सगळे जिराफ म्हणत. उंची वाढली होती, आवाज फुटायच्या बेतात होता आणि वरच्या ओठावर मिशी 'येऊ का, नको का' करत थांबली होती. मग भांडारप्रमुख, गळ्यात किल्ली अडकवलेली एक मुलगी. तिच्याकडून पळी मागून घेणं म्हणजे तिची किडनी मागण्यासारखं होतं. "कशाला हवी? किती वेळ? मागची परत केलीस का?" शिवाय प्रत्येक तुकडीला एक प्रमुख, एक उपप्रमुख. उरलेसुरले साधे सभासद. त्यांच्यावर राज्य करायला एवढी फौज.

तर खार तुकडीच्या उपप्रमुखानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्रार ठोकली. थेट प्रमुखांच्या सभेत.

सभा एका वर्गात भरली. बाकं पहिलीच्या मुलांची. जिराफ त्यात बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांशी आले, पण चेहरा मात्र उच्च न्यायालयाचा. सभेचा नियम असा की बोलायचं फक्त मुलांनी. मोठ्यांनी भिंतीशी बसायचं आणि विचारलं तरच तोंड उघडायचं. सरांना हे जमत नसे, म्हणून ते दातांत शिट्टी धरून बसत. मलमकाकू पेटीवर बसल्या. त्यांच्या दातांत काही नव्हतं, त्यामुळे त्यांनी पदराचं टोक धरलं.

"बोल," जिराफ म्हणाला. "तक्रार कुणाविरुद्ध?"

उपप्रमुख उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, आणि त्यांच्याहून घट्ट चेहरा. "आमच्या प्रमुखाविरुद्ध. ती सगळी कामं स्वतः करते."

मलमकाकूंना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असेल. कामं करते? हा गुन्हा? उद्या कुणी वेळेवर आंघोळ करतं म्हणूनही खटला भराल!

"तंबू तिनं उभा केला. चूल तिनं पेटवली. भांडी तिनं घासली. बटणचं अंथरूणसुद्धा तिनं घातलं." बटण हा खार तुकडीतला सगळ्यात लहान सभासद. "मी उपप्रमुख आहे. माझं काम काय? टाळ्या वाजवणं?"

"मी त्रास नको म्हणून..." मुंगी पुटपुटली.

"आम्ही काही हातात घेतलं ना, की ही येते आणि म्हणते, 'दे इकडे.' सारखं आपलं 'दे इकडे, दे इकडे'. काल माझी वेणी घालत होते, तर म्हणते, 'दे इकडे.'"

सगळा वर्ग हसला. भिंतीशी मात्र मलमकाकूंचे कान तापले. 'दे इकडे' कुठून आलं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नवऱ्याच्या हातातला डबा, सासूबाईंच्या हातातली कात्री, मुंगीच्या हातातली शाळेची बॅग, सगळं त्या याच दोन शब्दांवर काढून घेत. घरात कुणी पाण्याचा ग्लास उचलला तरी त्यांचे हात शिवशिवायचे. पोरीनं आईचं नाक घेतलं नव्हतं, डोळे घेतले नव्हते. घेतलं ते नेमकं हेच.

"प्रमुखानं काय करायचं असतं?" जिराफनं विचारलं.

"करून घ्यायचं असतं," मुंगी म्हणाली. पाठ होतं तिला. नियमांचं सगळं पाठ होतं.

"मग?"

 मुंगीचा एक हात नकळत खांद्यावरच्या पट्ट्यांवर गेला. तो हात बघून मलमकाकूंना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं, तर शेजारून सरांनी मान हलवली आणि त्या नादात शिट्टी बारीकशी वाजली.

प्रमुखांनी डोकी एकत्र केली, कुजबुजले, आणि जिराफनं निकाल सांगितला. उद्या सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत खारच्या प्रमुखानं कशाला हात लावायचा नाही. हात पाठीमागे. फक्त तोंड चालवायचं. तुकडीनं आपलं जेवण आपण केलं तर पट्ट्या राहतील. नाही केलं, किंवा हिनं हात लावला, किंवा बाहेरच्या कुणी मदत केली, तर पट्ट्या उपप्रमुखाला.

"बाहेरच्या कुणी," भांडारप्रमुखानं मुद्दाम पुन्हा म्हटलं आणि पेटीकडे बघितलं.

सकाळी मलमकाकू खारच्या सुतळीपासून चार हातांवर पेटी टाकून बसल्या. "मला इथं सावली बरी पडते," त्या सरांना म्हणाल्या. तिथं कडक ऊन होतं.

सुतळीच्या आत मुंगी उभी होती. हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं, जणू तो सुटून पळेल.

"चूल पेटवा," ती म्हणाली.

सगळ्यांनी चुलीकडे बघितलं. चूल कुणीच कधी पेटवली नव्हती.

"आधी बारीक काड्या. अरे, ते ओंडके कशाला? बटण, ओंडके बाहेर काढ! उपप्रमुख, तू बटाटे घे. नाही, आधी पाणी. म्हणजे बटाटे धुवायला पाणी आणि तांदळाला वेगळं पाणी. आणि तू काय उभा आहेस? तू..."

एका दमात तिनं इतके हुकूम सोडले की तुकडी एकमेकांवर आदळली. उंटावरून शेळ्या हाकणं वाटतं तेवढं सोपं नसतं. शेळ्यांना उंट काय म्हणतोय ते कळावं लागतं. चुलीतून धुराचा असा लोट निघाला की शेजारच्या घार तुकडीनं ठसकत शिव्या घातल्या.

उपप्रमुख बटाटा सोलत होती. सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

"अगं, जाड निघतंय साल," मुंगी म्हणाली.

"मला कसं येणार? तू कधी करू दिलंस?"

"तूच तक्रार केलीस ना, काम नाही म्हणून? घे की आता!"

"घेतेच आहे! तू बघत बसू नकोस माझ्या हाताकडे. सुचत नाही मला!"

मुंगीचा खांदा पुढे झुकला. हात सुटणार. 'दे इकडे' ओठांवर आलेलं मलमकाकूंना स्पष्ट दिसलं, कारण ते त्यांच्याही ओठांवर आलं होतं. पोरीनं चक्क पाठ फिरवली. बटाट्यांकडे पाठ करून ती बटणपाशी उकिडवी बसली. हात अजून मागेच, त्यामुळे एखाद्या बदकासारखी डुगडुगत.

"बटण, तू सांग. का विझतेय ही?"

बटणला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तो बराच वेळ चुलीत बघत राहिला. "हिला श्वास लागत नसेल," तो म्हणाला. "मी उशीत तोंड खुपसल्यावर होतं तसं."

"मग काय करूया?"

त्यानं पुढची वीट सरकवली. थोड्या वेळानं चूल पेटली, आणि बटण असा काही ओरडला, जणू अग्नीचा शोध त्यानंच लावला. उपप्रमुखाच्याही तोंडून "वा!" निघून गेलं. मग तिनं ते खोकल्यात लपवलं.

भात शिजला. म्हणजे खालचा करपला, वरचा चिकट झाला आणि मधला खरोखर शिजला. आता पेज काढायची होती. बटणनं उत्साहाच्या भरात फडकं घेतलं, पातेलं दोन्ही बाजूंनी धरलं आणि उचललं. फडकं होतं ओलं. चटका बसला तसं पातेलं कललं, गरम पेजेची धार त्याच्या पायाच्या दिशेनं येऊ लागली, आणि मलमकाकूंना भाजल्याच्या तिन्ही पायऱ्यांची पुस्तकातली चित्रं एकदम दिसली. त्या कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. एक पाय सुतळीच्या आत, दोन्ही हात पुढे.

"दे इकडे!"

"मलमकाकू, मागे!"

आवाज मुंगीचा होता. 'आई' नाही, मलमकाकू.  मलमकाकू एका पायावर थांबल्या, बगळ्यासारख्या.

मुंगी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. "बटण, पाय मागे घे. आता खाली ठेव. पातेलं खाली. शाब्बास. सांडू दे, काही होत नाही. उपप्रमुख, कोरडं फडकं घे आणि दुसरा कान तू धर. मी म्हणेन तेव्हा दोघांनी मिळून. आता."

दोघांनी पातेलं उचललं, वाकवलं आणि पेज ओतली. थोडा भातही ओतला गेला. कुणी भाजलं नाही.

मलमकाकूंनी आत पडलेला पाय सुतळीबाहेर घेतला. त्या पेटीवर जाऊन बसल्या आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

खार तुकडी जेवली. बटाट्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, भातात एकदाही नाही, त्यामुळे एकत्र कालवल्यावर जमलं. प्रमुखानं शेवटी जेवायचं असतं. मुंगीच्या वाट्याला तळाची करपलेली खरवड आली. तिनं ती कुरकुर वाजवत खाल्ली.

जेवणानंतर पुन्हा सभा. भांडारप्रमुख आधीच उभी होती. "हरकत आहे. मदतनीस बाई सुतळीच्या आत आल्या होत्या. बाहेरची मदत. पट्ट्या जातात."

वर्गात गलका झाला. मुंगीनं पट्ट्यांवर हात ठेवला. मलमकाकूंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, आणि पेटीही सोबत घ्यावी. पोरीनं अख्खी सकाळ स्वतःचे हात आवरले आणि आईनं एका पायानं सगळ्यावर पाणी ओतलं.

"काकू," जिराफ म्हणाला. पहिल्यांदाच त्यांना विचारलं जात होतं. "तुम्ही मदत केलीत का? खरं सांगा."

कालपासून त्यांच्या पोटात एक भाषण तयार होतं. मुंगी किती गुणी आहे, किती मेहनती आहे, लहानपणी एकदा न्यूमोनिया झाला होता तरीही. सगळं मुद्देसूद. त्या उभ्या राहिल्या आणि त्यातलं काही बोलणार, तोच उपप्रमुख उठली.

"मी सांगते! मी जवळ होते."

"तुला विचारलं नाही," जिराफ म्हणाला. "काकू?"

"करायलाच गेले होते," मलमकाकू म्हणाल्या. "करू दिली नाही. तुमच्या प्रमुखानं मला हाकललं."

"कुणी?"

"तिनं." त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. "आणि मी गेले. आमच्या घरात आजपर्यंत मला हाकलणं कुणाला जमलेलं नाही. तिच्या बाबांना विचारा."

सरांच्या तोंडातून शिट्टी निसटली आणि बाकाखाली गडगडत गेली.

"म्हणजे पातेल्याला तुमचा हात लागला नाही?" भांडारप्रमुखानं अजून सोडलं नव्हतं.

"पातेलं लांबच राहिलं, बाळ. सुतळीसुद्धा फक्त पायाला लागली."

"आता मी बोलू?" उपप्रमुख म्हणाली. "पातेलं मी आणि बटणनं ओतलं. तिनं फक्त सांगितलं. आणि नीट सांगितलं." शेवटचं वाक्य तिनं जमिनीकडे बघत, दातांतून काढलं. "पण साल जाड निघतं म्हणाली, ते लागलं मला."

"उद्या तू सांग भाजीचं," मुंगी म्हणाली. "मी सोलेन. तूच बघ जाड निघतं की काय."

प्रमुखांची डोकी पुन्हा एकत्र आली.  मग जिराफ उठला. उठताना गुडघा बाकाला आपटला, पण न्यायाधीशाला कळ आलेली दाखवता येत नाही.

"खारच्या पट्ट्या जिथं आहेत तिथंच राहतील."

दाराआडून ऐकणारा बटण नाचत पळाला. तुकडीला बातमी द्यायला मुंगीही निघणार होती.

"थांबा, सभा संपली नाही," भांडारप्रमुख म्हणाली. "सुतळी ओलांडली ती ओलांडलीच. ठराव मांडते. शिबिर संपेपर्यंत मलमकाकूंनी कुठल्याही तुकडीच्या आत यायचं नाही. कुणाला लागलं तर तोच पेटीपाशी जाईल. ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करा."

जिराफचा वर गेला. घारच्या प्रमुखाचा गेला. मुंगीनं आईकडे बघितलं. पुरतं बघितलं, डोळ्याला डोळा भिडवून. आणि मग तिनंही हात वर केला.

"एकमतानं," जिराफ म्हणाला.

"चला, निकाल लागला," सर हळूच म्हणाले. ते गुडघ्यांवर बसून बाकाखालची शिट्टी चाचपत होते, आणि त्यांचा हात काही तिथवर पोचत नव्हता.

मलमकाकू वाकून बघू लागल्या. शिट्टी त्यांना समोरच दिसत होती.

"डावीकडे, सर," त्या म्हणाल्या. "आणखी थोडं डावीकडे."